ट्यूबच्या पाठीवरची ओळ : साध्या पांढऱ्या टूथपेस्टचा सहा महिन्यांचा अनुभव

किराणा दुकानात सर्वांत खालच्या फळीवर, रंगीत जेल आणि वनस्पतींच्या चित्रांनी सजलेल्या खोक्यांच्या खाली, जी साधी पांढरी, किंचित खडूच्या चवीची टूथपेस्ट पडलेली असते, ती आमच्या घरात गेले सहा महिने चौघेही वापरत आहोत. हे परीक्षण तिचेच आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. कारण या प्रकारची पेस्ट अनेक कंपन्या विकतात, त्यांतली चार खोकी मी शेजारी शेजारी ठेवून वाचली आहेत आणि त्यांवरचा कामाचा मजकूर जवळजवळ सारखाच आहे. उरलेला मजकूर जाहिरातीचा आहे आणि त्याचे परीक्षण करण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

या पेस्टपर्यंत आम्ही पोहोचलो ते मुलीच्या दाढेमुळे. ती सात वर्षांची आहे. गेल्या डिसेंबरात तिच्या खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दाढेवर तपकिरी रेघ दिसली, तेव्हा आम्ही दोघांनी 'दुधाचीच तर आहे, पडेल' असे म्हणून महिना घालवला. गार पाणी पिताना ती गाल धरू लागली, तेव्हा साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी आरसा आत घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, ही दुधाची नाही, ही पक्की दाढ आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास येते, कुठलाही दात न पाडता सगळ्यांच्या मागून येते, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही." जी दाढ जन्मभर पुरायची, तिच्यावर आम्ही वर्षभरात डाग पाडून बसलो होतो.

त्या दिवशी डॉक्टरांनी दाखवलेली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. वरच्या, नुकत्याच आलेल्या पटाशीच्या दातावर, अगदी हिरडीला लागून, त्यांनी हवेचा फवारा मारून दात कोरडा केला. तोपर्यंत मला तिथे काहीच दिसत नव्हते. दात सुकताच खडू ओढल्यासारखा एक निस्तेज पांढरा पट्टा उमटला. कीड लागण्याची सुरुवात अशी पांढरी असते, काळी नव्हे, आणि या टप्प्यावर ती परत फिरू शकते. एकदा खड्डा पडला की मात्र तो आपोआप भरत नाही, मग सिमेंट भरावे लागते. दाढेत त्यांनी ते भरले, उरलेल्या तीन पक्क्या दाढांच्या खाचांवर पातळ लेप देऊन त्या बंद केल्या आणि विचारले, "पेस्ट कुठली वापरता?" मी जरा अभिमानानेच सांगितले की तिच्यासाठी वेगळी आणतो, स्ट्रॉबेरीच्या वासाची, गिळली तरी चालणारी. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी ट्यूब घेऊन या, पाठ वाचून दाखवते."

मी घरी येऊन भिंगातून स्वतःच वाचली. फ्लोराइडचा उल्लेखच नव्हता. 'गिळली तरी चालते' याचा खरा अर्थ तोच होता.

आपल्याकडच्या नियमानुसार फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टमध्ये ते दहा लाख भागांत १००० भागांपेक्षा, म्हणजे १००० पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये आणि किती आहे ते ट्यूबवर व खोक्यावर छापावे लागते. ही एक ओळ शोधत मी दोन संध्याकाळी दुकानाच्या फळीसमोर उभी राहिले. मेडिकलवाले काका अखेर विचारायला आले की काही तक्रार आहे का. मुलांच्या जेलपैकी दोन खोक्यांवर फ्लोराइड नव्हते, एकावर ५०० पीपीएमच्या आतबाहेर होते. लाल औषधी पेस्टवर लवंग, सुंठ, तोमर यांची यादी होती, फ्लोराइड नव्हते. कोळशाच्या काळ्या पेस्टवरही नव्हते. आणि खालच्या फळीवरच्या सर्वांत स्वस्त पांढऱ्या पेस्टवर, अगदी बारीक अक्षरांत, 'सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट' आणि त्यापुढे १००० पीपीएम.

या लांबलचक नावामागेही कारण आहे. पांढऱ्या पेस्टमधला घासणारा पदार्थ बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे सरळ सांगायचे तर खडूच असतो. त्यात साधे सोडियम फ्लोराइड घातले तर कॅल्शियम ते धरून ठेवते आणि दाताला काही मिळत नाही. म्हणून फॉस्फेटशी जोडलेले फ्लोराइड वापरतात. पारदर्शक जेलमध्ये खडूऐवजी सिलिका असते, तिथे सोडियम फ्लोराइड चालते. ०.७६ टक्के मोनोफ्लुओरोफॉस्फेट किंवा ०.२२ टक्के सोडियम फ्लोराइड, दोन्हींचा हिशेब साधारण १००० पीपीएमलाच येतो. ट्यूबवर टक्केच छापलेले असतील तर एवढे आकडे लक्षात असलेले बरे. खडूच्या पेस्टमधले उपयोगी फ्लोराइड दिवसागणिक थोडे थोडे कमी होत जाते, तेव्हा सवलतीतल्या जुन्या मालापेक्षा अलीकडच्या तारखेची ट्यूब घ्यावी. १००० पीपीएमच्या पेस्टने दात किडणे कमी होते हे संशोधनात पक्के झालेले आहे. त्याहून बऱ्याच कमी मात्रेच्या पेस्टबद्दल तितक्या खात्रीने बोलता येत नाही, आणि मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पेस्ट नेमक्या याच कमी मात्रेच्या असतात, हे मला चमत्कारिक वाटते.

आता ही पेस्ट करते काय, हे समजायला दात किडतो म्हणजे काय होते ते पाहावे लागते. आपल्या भाषेत 'कीड' हाच शब्द असल्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर खरोखरच अळी येते. माझ्या सासूबाईंनी लहानपणी विस्तवावर भुईरिंगणीचे बी टाकून नळीने दाढेला धूर देणारी बाई पाहिली आहे. दाढेतला किडा पडावा म्हणून हा उपाय असे. किडा नसतोच. तोंडातले सूक्ष्म जंतू, त्यांत स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे नाव प्रमुख, दातावरच्या चिकट थरात राहतात, आपण खाल्लेली साखर पचवतात आणि आम्ल सोडतात. मिलर या दंतवैद्याने बर्लिनमध्ये काम करून १८९० साली हे मांडले. काढलेले दात लाळेत पाव किंवा साखर घालून उबेत ठेवले तर ते मऊ पडत, मांस घालून ठेवले तर पडत नसत. थरातल्या आम्लाचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातले, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. लाळ हळूहळू आम्ल शमवते आणि तेच क्षार परत दातात भरते. या परतफेडीला अर्धा ते एक तास लागतो. फ्लोराइड हजर असेल तर ही परतफेड वेगाने होते आणि नव्याने बसलेला क्षार अधिक चिवट असतो, त्याला विरघळवायला आणखी तीव्र आम्ल लागते. पेस्टचे सगळे काम एवढेच आहे. 'जंतू मारते', 'बारा तास संरक्षण' वगैरे मजकूर खोक्यावर असला तरी घासून थर निघतो तो ब्रशमुळे.

यावरून पुढचे उघड आहे, आणि परीक्षणात ते न लिहिणे म्हणजे वाचकाची दिशाभूल ठरेल : जिथे साखर दर तासाला येते तिथे ही पेस्ट हरते. तिला परतफेड करायला मोकळा वेळच मिळत नाही. मी एका रविवारी मुलीच्या तोंडात काय काय आणि केव्हा गेले ते कॅलेंडरच्या मागे लिहून काढले. सकाळी साखरेचे दूध, त्यानंतर तासाभराने दुधात बुडवलेली दोन बिस्किटे, अकराला शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाचे चॉकलेट, जेवण, तीनला राजगिऱ्याचा लाडू, साडेचारला पुन्हा बिस्किट, सहाला चिक्कीचा तुकडा आणि तो अर्धा ठेवून साडेसहाला उरलेला, जेवण, आणि खोकला होता म्हणून झोपताना गोड औषध. एकूण साखर फार नव्हती; पण तोंड आम्लातून बाहेर पडले असेल तर फक्त झोपेत, आणि तिथेही शेवटचा घोट गोड होता. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणजे रात्री धुवायलाही कोणी नाही.

स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथील बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांच्या संस्थेत १९४५ पासून काही वर्षे याच प्रश्नावर प्रयोग झाले. रुग्णांना त्यांच्या संमतीविना मुद्दाम चिकट टॉफी खायला घातल्या गेल्या, जे आज कोणतीही नैतिक समिती करू देणार नाही. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र अजून टिकून आहे : जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने दातांचे फारसे बिघडत नाही, दोन जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्लेल्या आणि दाताला चिकटून राहणाऱ्या गोडाने भयंकर बिघडते. म्हणून पाडव्याला ताटात वाढलेल्या दोन पुरणपोळ्यांपेक्षा तिसऱ्या प्रहरी फ्रॉकच्या खिशातून निघणारी चिक्की अधिक घातक. गूळ, मध, खजूर हे साखरेपेक्षा 'चांगले' म्हणून आपण मोकळ्या हाताने देतो; जंतूंना हा भेद कळत नाही, आणि चिकटपणात ते साखरेच्या पुढेच आहेत. आम्ही गोड बंद केले नाही, ते जेवणाच्या ताटात आणले. मधल्या वेळेला दाणे, फुटाणे, काकडी. औषध आधी, मग दात, मग झोप. सासऱ्यांचा दिवसातून पाच वेळा होणारा गोड चहा वाचवायला ते हयात नाहीत, नाही तर हा परिच्छेद त्यांनी मला छापू दिला नसता.

वापरण्याच्या पद्धतीबद्दल ट्यूबवर जवळजवळ काहीच लिहिलेले नाही, ही या पेस्टविषयीची माझी पहिली तक्रार. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटेसारखी पेस्ट पसरलेली दिसते. प्रत्यक्षात तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते, आणि मोठ्यांनाही लाटेची गरज नाही. पूर्वी १५० ग्रॅमची ट्यूब आम्हाला महिनाभर जेमतेम पुरे, आता दीड महिना जाते. ट्यूबचे तोंड मात्र इतके रुंद आहे की मुलाच्या हातून वाटाणा कधीच पडत नाही, सुपारी पडते. त्यामुळे पेस्ट मीच लावून देते. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, आणि रात्रीचे घासणे कोणत्याही परिस्थितीत चुकवायचे नाही, कारण पुढचे सात-आठ तास पेस्टशिवाय दुसरा कैवारी नसतो. सात वर्षांची मुले स्वतः नीट घासतात असे समजू नये. जी शाळेच्या बुटाची नाडी धड बांधत नाहीत, त्यांच्या मागच्या दाढा मोठ्यांनीच घासाव्या लागतात.

खरा झगडा झाला तो चुळीवरून. घासून झाल्यावर फेस थुंकायचा आणि पाण्याने चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. हे मराठी घरात सांगून पाहावे. सासूबाई तांब्या हातात घेऊनच उभ्या होत्या. "चूळ न भरता झोपायचं? तोंड उष्टं ठेवून?" मी म्हटले, "आई, तुम्ही औषध लावलेली जखम लगेच धुता का?" त्यांनी उत्तर दिले नाही, पण तांब्या खाली ठेवला. मुलीनेच मग तोडगा काढला : "आजी, तू एकच चूळ भर, छोटी." गेले सहा महिने त्या एकच, अगदी चिमणीएवढी चूळ भरतात. त्यांचा प्रश्न खरे तर आमच्यापेक्षा गंभीर आहे. तरुणपणापासून त्या मिशरी लावत; तंबाखू घातलेली पेस्ट आणि दंतमंजने १९९२ साली कायद्याने बंद झाली, पण तव्यावर भाजलेल्या घरच्या तंबाखूला कायदा कोण लावणार? मिशरी सुटली, तोवर हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडली होती. मुळांवर इनॅमल नसते. ती बऱ्याच सौम्य आम्लातही झिजतात, म्हणून म्हातारपणी दात हिरडीलगत किडतात. त्यांच्यासाठी चुळीचा हा हट्ट मुलीच्या इतकाच गरजेचा होता.

फ्लोराइड हे विष आहे, असा संदेश आमच्या कुटुंबाच्या गटावर दर दोन महिन्यांनी फिरतो. माझी नणंद यवतमाळ जिल्ह्यात आहे, तिने तो मनावर घेतला, आणि तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी चट्टे पडतात आणि अति झाले तर हाडेही आखडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही आपल्याकडची कमाल मर्यादा आहे. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम. १००० पीपीएमच्या हिशेबाने तिच्यात पाव मिलिग्रॅम फ्लोराइड असते. नेमक्या मर्यादेइतके फ्लोराइड असलेले एक लिटर पाणी पोटात गेले तर पेस्टमधल्या फ्लोराइडच्या सहा पट जाते, आणि पाणी गिळले जाते, पेस्ट थुंकली जाते. नणंदेला मी सांगितले की आधी बोअरचे पाणी तपासून घे, पिण्याचे पाणी बदल, आणि मूल थुंकायला शिकेपर्यंत पेस्ट तांदळाएवढीच लाव. आमच्या नळाला धरणाचे पाणी येते, आम्हाला ही चिंता नाही.

याच गटावर ट्यूबच्या शेपटीवरच्या रंगीत चौकोनाचाही संदेश येतो : हिरवा म्हणजे नैसर्गिक, काळा म्हणजे रसायन. तो चौकोन कारखान्यातल्या यंत्राला ट्यूब कुठे कापायची ते कळावे म्हणून असतो. माझ्या पांढऱ्या पेस्टचा निळा आहे.

पेस्टचे दोष सांगायचे तर चव सपक आहे, मुलीने पहिला आठवडा तोंड वाकडे केले आणि नंतर विसरली. फेस गरजेपेक्षा जास्त येतो, त्यामुळे लवकर थुंकावेसे वाटते आणि दोन मिनिटे भरत नाहीत. दात पांढरेशुभ्र होत नाहीत. मला तशी अपेक्षाही नव्हती. दोन दातांच्या मधल्या फटीत ही पेस्ट आणि ब्रश दोन्ही पोहोचत नाहीत आणि मोठ्या माणसांची बरीच कीड तिथूनच सुरू होते, म्हणून बरोबर आणलेल्या दोन वस्तूंबद्दल थोडक्यात. दोरा माझ्या बोटांना जमला नाही, रोज रात्री हिरडी कापली जाई. बारीक तारेवरचा छोटा ब्रश, बाटली धुण्याच्या ब्रशाची चिमुकली प्रतच जणू, मला आणि सासूबाईंना फार सोयीचा वाटला. फटी रुंद असतील तर तोच घ्यावा, मात्र मापाचा, रेटून घालायचा नाही. माउथवॉशची बाटली अर्धी पडून आहे. ती आम्ही घासून झाल्यावर लगेच वापरत होतो, म्हणजे पेस्टमधले फ्लोराइड आम्हीच धुऊन टाकत होतो. कोळशाची पेस्ट यजमानांनी हौसेने आणली होती, तिने बेसिन काळे झाले, बाकी काही झाले नाही.

जूनमध्ये मुलीला पुन्हा दाखवून आणले. सिमेंट जागेवर आहे, तिन्ही दाढांचे लेप शाबूत आहेत, नवीन डाग नाही. डॉक्टरांनी पटाशीचा दात पुन्हा हवेने सुकवला. पांढरा पट्टा अजून दिसतो, पण अर्ध्याहून कमी उरला आहे, आणि पूर्वी जो खडबडीत, निस्तेज होता तो आता काचेसारखा चकाकतो. चकाकी म्हणजे कीड थांबली, असे त्या म्हणाल्या. यातले श्रेय पेस्टचे किती आणि ताटात आणलेल्या चिक्कीचे किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. पण किडलेल्या एका दाढेला आम्ही जे पैसे मोजले, त्यात ही पेस्ट चौघांना काही वर्षे पुरली असती.

एक तक्रार शिल्लक आहे. कामाची ती ओळ, १००० पीपीएमची, कंपनीने ट्यूबच्या अगदी शेपटीला, चिकटवलेल्या कडेच्या वर बोटभर जागेत छापली आहे. सासूबाई कोणतीही ट्यूब पहिल्या दिवसापासून खालून गुंडाळत आणतात. दुसऱ्या आठवड्यात ती ओळ गुंडाळीच्या आत गेलेली असते आणि पुढे महिनाभर आमच्या बेसिनवर फक्त चकचकीत दातांचे चित्र उभे असते.